अबीगेलची खात्री

पनवेल
११ जुलै २०२२

मिल्का,

पाकिटावरचं अक्षर बघून तुला वाटलं असेल, हिनं कोणाकडून तरी लिहून घेतलंय. नाही, माझंच आहे. मागच्या वर्षी बँकेनं माझा चेक परत केला होता, सही जुळत नाही म्हणून. हात थरथरायचा आणि अक्षर मुंगीएवढं व्हायचं. पार्किन्सनमध्ये असंच होतं म्हणे, ओळ सुरू होते तेव्हा ठीक, संपेपर्यंत बारीक होत जाते. एप्रिलमध्ये मेंदूच्या डॉक्टरांनी जुन्या गोळीला जोड म्हणून एक नवी गोळी दिली, जूनमध्ये ती वाढवली, आणि आता हे बघ. शाळेत फळ्यावर लिहायचे तशी लिहितेय.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण माझा फोन आरोन बघतात. अजून मी पकडलेलं नाही, पण बघतात.

आई गेल्यापासून आपण दोघी धड बोललो नाही. तू का आली नाहीस ते मी विचारणार नाही. शेवटी शेवटी तिचं अंग मी पुसायचे आणि ती मला "मिल्का, मिल्का" म्हणायची, एवढंच सांगून ठेवते. पण आज मला बहीण हवी आहे आणि मला बहीण एकच आहे. इस्राएलला जाऊन बसली असली तरी.

आमच्याकडे रंजिता म्हणून एक मुलगी येते. फिजिओथेरपिस्ट आहे. खारघरच्या कडेचं ओवे गाव तुला आठवत असेल, तिथली सून. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी येते, मला चालायला लावते, हात फिरवायला लावते, जमलं की टाळ्या वाजवते. तिशीही गाठली नसेल. नवरा भावेश बांधकामांना रेती-खडी पुरवतो. दिसायला फार काही नाही. पण हात असे, मिल्का, की पाण्याचा भरलेला पेला उचलून दुसरीकडे ठेवला तरी पाणी हलत नाही.

ती यायच्या दिवशी आरोन दाढी करतात. इतर दिवशी करत नाहीत. द्रोणागिरीच्या गोदामातून रिटायर झाल्यापासून माझ्या ज्या नवऱ्यानं इस्त्रीचा शर्ट घातला नव्हता, तो आता शर्ट घालून लिंबू सरबत करतो. तिला देतात आणि मग मला विचारतात, "तुलाही देऊ का?" तुलाही. मी आयुष्यभर मराठी शिकवलं. त्या एका 'ही'मध्ये काय आहे ते मला कळतं.

बाकी घर छान चाललंय. आईचा बटणांचा डबा काढलाय. आधी रंगांप्रमाणे लावते, मग भोकांप्रमाणे, मग सगळं मोडून पुन्हा. बसले की जेवणाचं भान राहत नाही. एक करडी मांजर घरात शिरायला लागली आहे, पलंगाखाली बसते. आरोन म्हणतात, "कुठली मांजर?" घरात लक्ष असेल तर दिसेल ना.

बंगलोरला अवीवला यातलं काही कळवू नकोस. आईबापांचं असलं काही मुलाच्या कानावर जायला नको.

अबीगेल


पनवेल
३ ऑगस्ट २०२२

मिल्का,

माझं पत्र तुला पोचलं की नाही कळायला मार्ग नाही, तरी लिहिते. पुरावे साचत चाललेत आणि ते ठेवायला दुसरी जागा नाही.

रंजिता गेल्यावर बाथरूममधला टॉवेल ओला होता. आरोनना विचारलं.

"तिनं हात धुतले ना, तुझ्या पायांना तेल लावलेलं," ते म्हणाले.

"हात पुसायला अख्खा टॉवेल ओला होतो?"

"अगं, सकाळी आंघोळ केल्यावर मी त्यानेच अंग पुसलं."

"म्हणजे दोघांनी एकच टॉवेल वापरला."

ते माझ्याकडे बघतच राहिले. खरा माणूस असा गप्प बसतो का, तूच सांग.

संध्याकाळी ते वडाळे तलावावर फिरायला जातात. परवा मी मागे गेले. मागच्या वर्षी मला चार पायऱ्या उतरताना कठडा लागायचा, परवा मी अर्धा तलाव चालले आणि दमलेही नाही. आरोन बाकावर बसले होते, शेजारी दिनानाथ. त्यांच्या गोदामातला जुना सहकारी, तू त्याला माझ्याकडे एकदा पाहिलं असशील. दोघं शेंगदाणे खात होते. तुला वाटेल, यात काय? पण दिनानाथ राहायला कुठे आहे? खारघरला. आणि ओवे कुठे आहे? निरोप कोण नेतं ते मला तिथल्या तिथे कळलं. इतकं लख्ख कळलं की मला हसू आलं.

घरी आल्यावर मी फक्त म्हटलं, "दिनानाथ बरा आहे ना?"

"तुला कसं कळलं तो भेटला ते?"

बघ, घाबरले.

मिल्का, हल्ली तिन्हीसांजेला पॅसेजमधून कोणी बाई गेल्यासारखी वाटते. वळून बघावं तर नसते. आरोननी रंजिताला किल्ली दिली असणार. कुलूप बदलून घेते म्हटलं तर त्यांनी डोक्याला हात लावला. डोक्याला हात लावणं हा त्यांचा नवा अभिनय आहे.

मला या मुलीचा राग येतो असं समजू नकोस. राग सोपा असतो. ती वाकून माझ्या चपलेचा पट्टा लावते तेव्हा मला तिची मान दिसते, आणि ती मान आरोननाही दिसत असणार, हे माझ्या डोक्यातून दिवसभर जात नाही. बटणं लावत बसते तेव्हाच थोडं थांबतं.

अबीगेल


पनवेल
२४ ऑगस्ट २०२२

मिल्का,

मी जिंकले. रंजिता आता येत नाही.

मी रिक्षा करून ओव्याला गेले. घर विचारायला लागलं नाही, खडीचे दोन ट्रक दारात उभे होते. तिची सासू हौसाबाई ओट्यावर सुकट निवडत बसली होती. "या बाय, बसा," म्हणाली. मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. टॉवेल, सरबत, दाढी, दिनानाथ, किल्ली. मुद्द्याला धरून, एकामागून एक. माझी जीभ कुठेही अडखळली नाही. शेजारच्या बायका जमल्या. रंजिता आतून ओल्या हातांनी बाहेर आली आणि "मॅडम, काय बोलताय तुम्ही? मॅडम, पाणी घ्या आधी," असं करत माझा दंड धरायला लागली. तिचे ते न हलणारे हात. मी तिला बाजूला केलं. त्यात तिला थोडं लागलं असेल. गालाला.

भावेश तेवढ्यात आला. बायकोकडे बघून म्हणाला, "घरात चल." त्याच्या आवाजावरून कळलं की त्याला पटलंय.

आरोनना कोणी फोन केला कोण जाणे. ते दिनानाथला घेऊनच आले. बघितलंस? दिनानाथलाच! परत येताना रिक्षात ते रडत होते. तिच्यासाठी रडत होते, मिल्का. लग्नाला पस्तिसावर वर्षं झाली, माझ्यासाठी या माणसाच्या डोळ्यात मी पाणी पाहिलेलं नाही. पार्किन्सन आहे असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाही त्यांनी नुसता चष्मा पुसला होता.

तिच्या जागी आता दुसरं कोणी नको असं मी सांगून टाकलंय. व्यायाम माझा मी करते. आठवड्यातून तीनदा आता कोणी दाढी करत नाही.

तरी मन शांत झालेलं नाही. ते आता फोन घेऊन गॅलरीत जातात.

अबीगेल


पनवेल
१८ सप्टेंबर २०२२

मिल्का,

म्हणून गॅलरीत जात होते तर.

मी फोन हातातून काढून घेतला तेव्हा पडद्यावर तुझं नाव होतं. मिल्का, इस्राएल. किती वेळ बोललात ते तिथेच लिहिलेलं असतं, मी वाचलं. माझी पत्रं तुला मिळाली आणि तू मला उत्तर न देता त्यांना फोन केलास. माझ्या नवऱ्याला. "तिची काळजी वाटते म्हणून करते," हे त्यांनी सांगितलं. तेच सांगणार ना.

मी मूर्ख आहे. मी ओव्यात शोधत बसले आणि हे तर घरातलंच निघालं.

आता सगळं जुळतं. माझ्या लग्नात मेंदीच्या दिवशी तू गात होतीस आणि ते दारात उभं राहून ऐकत होते. पुढे किती वर्षं म्हणायचे, "मिल्काचा आवाज काही और होता." तू गेलीस तेव्हा विमानतळावर तुझी बॅग त्यांनी उचलली. माझी बॅग मी कायम स्वतःच उचलत आले. आईला तू हवी होतीस, शाळेतल्या बाईंना तू हवी होतीस, आणि मी इथे या गावात राहून आईचं हागणंमुतणं काढलं, आणि शेवटी माझ्याजवळ एकच वस्तू उरली होती जी तुला मिळाली नव्हती. एक नवरा. तोही तू ठेवला नाहीस.

रंजिता तुमचा आडपडदा होती. मला तिच्यात गुंतवून तुम्ही दोघं बोलत राहिलात.

यापुढे या पत्त्यावरून तुला काही येणार नाही. तूही फोन करू नकोस. केलास तर मला कळेल.


पनवेल
१४ डिसेंबर २०२२

मिल्का,

अक्षर असं आहे कारण हात पुन्हा असा झालाय. आरोन म्हणाले, "तू सांग, मी लिहून देतो." मी नाही म्हटलं. सप्टेंबरचं ते पत्र मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, तेव्हा हेही मीच लिहायला हवं. चार ओळी झाल्या की थांबते, मग पुन्हा बसते.

ते पत्र तू फाडलं नसशील तर फाडून टाक.

सप्टेंबरच्या शेवटी, आपल्या ज्यू नव्या वर्षाच्या सणाला, सकाळी आरोन सिनेगॉगला निघाले होते. खोलीत टोपी शोधत होते. मी बाहेरून कडी घातली. देवाच्या नावानं ते कोणाला तरी भेटायला चाललेत याची मला खात्री होती. कोणाला ते तोवर नक्की राहिलं नव्हतं, तू, रंजिता, कोणीही. आधी त्यांनी हळू हाका मारल्या, मग मोठ्यानं, मग हाका थांबल्या. मी बाहेर बसून बटणं लावत होते. शेजारची किशोरी प्रसादाचं काहीतरी द्यायला आली, तिनं कडी काढली. आरोन जमिनीवर बसले होते, घामानं शर्ट भिजलेला, आणि त्यांची ब्लडप्रेशरची गोळी बाहेर फ्रिजवर. किशोरीला ते म्हणाले, "कडी आपोआप पडली वाटतं." मी तिथेच उभी होते.

त्या दुपारी त्यांनी तुला फोन केला, आणि तू म्हणालीस की आजच्या आज मनाच्या डॉक्टरांकडे ने. हे मला आता माहीत आहे.

नवीन पनवेलला डॉक्टर समीक्षा म्हणून आहेत. मी आनंदानं गेले. वाटलं, एक शिकलेली बाई माझं नीट ऐकून घेईल आणि आरोनना जाब विचारेल. तिनं खरंच ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. आरोनना बाहेर बसवलं होतं.

मग विचारलं, "शंभरात किती खात्री आहे तुम्हाला?"

"शंभर."

"समजा, मी तुम्हाला दाखवून दिलं की त्या दिवशी ते खरंच सिनेगॉगमध्येच जाणार होते. लोक त्यांची वाट बघत होते. मग?"

"मग त्या लोकांना त्यांनी आधीच सांगून ठेवलं असणार."

तिनं मान हलवली. हसली नाही. "आणि हे पहिल्यांदा कधी वाटलं? त्याआधी इतक्या वर्षांत कधी?"

मला आठवून बघावं लागलं. मे महिना. त्याआधी कधीच नाही. म्हणजे हेवा वाटायचा, बायकांना वाटतो तसा, पण खात्री नाही.

"घरात काही दिसतं का? माणसं, जनावरं?"

मी मांजरीचं सांगितलं. पॅसेजमधल्या बाईचं सांगितलं. मग तिनं, काहीतरी तेच तेच काम करत बसता का असं विचारलं, आणि मला बटणं आठवून अंगावर काटा आला. हिला कसं कळलं? आरोननी सांगितलं असणार. त्यांनी सांगितलं नव्हतं.

शेवटी ती म्हणाली, "नवी गोळी एप्रिलमध्ये सुरू झाली. जूनमध्ये वाढली. बरोबर?"

तिनं जे समजावलं ते मला तेव्हा पटलं नाही, पण लक्षात राहिलं. पार्किन्सनमध्ये मेंदूत डोपामाइन कमी पडतं. ही गोळी मेंदूला ते भरपूर आहे असं भासवते, म्हणून हात सुधारतो. पण काही जणांच्या मनावर ती जास्त चढते. कोणी जुगार खेळायला लागतं, कोणी वेड्यासारखी खरेदी करतं, कोणी तासन्‌तास वस्तू लावत बसतं, कोणाला भास होतात, आणि कोणाला जोडीदाराबद्दल संशय येतो. ती म्हणाली, "तुम्ही खोटं बोलत नाही आहात आणि तुमचा स्वभावही बिघडलेला नाही. उलटा पुरावा आला तरी जो विश्वास हलत नाही, त्याला आम्ही भ्रम म्हणतो. हा मत्सराचा भ्रम आहे. याच्यावर उपाय आहे."

हे ऐकताना माझ्या मनात काय चाललं होतं सांगू? की आरोनना आत बोलावल्यापासून ते या डॉक्टरणीकडे फार बघतायत.

मेंदूच्या डॉक्टरांना तिनं आमच्यासमोर फोन लावला. गोळी एकदम तोडायची नाही, हळूहळू उतरवायची असं ठरलं. भ्रमासाठी रोजची एक छोटी गोळी दिली. पार्किन्सनवाल्यांना असली सगळी औषधं चालत नाहीत, अंग आखडतं, ही चालते म्हणाली. मेंदूच्या डॉक्टरांनी नवी गोळी देताना आरोनना बजावलं होतं म्हणे, स्वभावात काही फरक वाटला तर लगेच कळवा. आरोननी कळवलं नाही. बायको आपल्यावर असला आळ घेते हे ते कुठल्या तोंडानं सांगणार होते?

गोळी उतरत गेली तसे ते दिवस फार वाईट गेले. कारण नसताना रडू यायचं. अंग लाकडासारखं. मी आरोनच्या पाया पडले की ती गोळी मला परत द्या. त्यांनी दिली नाही, तेव्हा म्हटलं, "मी लुळी झाले की तुम्ही मोकळे, म्हणून ना?" ते मला भात भरवत होते. भरवत राहिले.

मांजर आधी गेली. एके दिवशी पलंगाखाली बघितलं तर नुसत्या पेट्या. मग बटणांचा कंटाळा आला. आणि मागच्या आठवड्यात मी बाथरूममध्ये गेले तर टॉवेल ओला होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले, आता काहीतरी कळेल म्हणून वाट बघत. काहीच कळलं नाही. टॉवेल ओला होता, कारण कोणीतरी अंग पुसलं होतं.

मी तिथेच स्टुलावर बसले, आणि आरोनना हाक मारण्याचं धैर्य मला कितीतरी वेळ झालं नाही.

अबीगेल


पनवेल
९ फेब्रुवारी २०२३

प्रिय मिल्का,

तुझं पत्र आरोननी फोडलं नाही. माझ्या हातात दिलं आणि कात्री आणून दिली.

तू लिहितेस, "अबी, ते सगळं गोळीनं लिहिलेलं होतं, तू नाहीस. मी विसरले." तू चांगली आहेस. तू कायमच चांगली होतीस, हेच तर मला सोसत नाही.

डॉक्टर समीक्षांना मी हेच विचारलं. म्हटलं, "त्यातलं गोळीचं किती आणि माझं किती?" त्या म्हणाल्या, "आरोन तुम्हाला फसवतात ही खात्री आजाराची होती. आईनं तुमच्याऐवजी बहिणीचं नाव घेतलं याचं दुःख तुमचं आहे. पहिल्यासाठी मी औषध दिलं. दुसऱ्यासाठी देणार नाही. त्याबद्दल आपण बोलू." आता दर पंधरवड्याला बोलतो.

तेव्हा ऐक. तू आणि आरोन, ते खोटं होतं. रंजिता खोटी. किल्ली, दिनानाथ, सगळं खोटं. पण तुझा हेवा खरा आहे. तो गोळी गेली तरी गेला नाही. तुझ्या घराच्या फोटोत मागे लिंबाचं झाड दिसतं, त्याचाही वाटतो. तू आईला पुरायला आली नाहीस आणि तरी तिची लाडकी राहिलीस, याचा तर इतका वाटतो की लिहिताना पेन दाबलं जातंय. मी हे कोणावर आळ घेऊन नाही सांगत. फक्त सांगते.

आता आरोनचं. ते बरे आहेत असं तुला फोनवर सांगतात. तसे नाहीत. दुधाला निघाले तरी दारात उभे राहून सांगतात, "दूध आणायला चाललोय, आणि वाटेत केमिस्ट." आल्यावर न विचारता बिल टेबलावर ठेवतात. किशोरी आली की उठून आतल्या खोलीत जातात. तलावावर जाणं सोडलं. दिनानाथ दोनदा येऊन गेला, बाहेर उभा राहून परत गेला. परवा मी म्हटलं, "दाढी करा हो, किती वाढलीय." तर माझ्याकडे असं बघितलं, जशी मुलं परीक्षेत अवघड प्रश्नाकडे बघायची. यात कुठे खोच आहे ते शोधत होते.

माझा आजार उतरला आणि त्यांच्या अंगात जाऊन बसला असं वाटतं.

मेंदूच्या डॉक्टरांनी परवा विचारलं, "हात फारच त्रास देत असेल तर ती गोळी अगदी थोडी परत सुरू करून बघायची का? लक्ष ठेवू." आरोन पटकन म्हणाले, "तुझा हात आहे, तू ठरव." त्यांनी स्वतःचा हात मांडीखाली दाबून ठेवला होता, मला दिसलं. आणि मिल्का, मोह झाला. ते अक्षर. ते चालणं. मी त्या दिवसांत किती सुखी होते ते कोणाला सांगता येत नाही. सगळं लख्ख कळायचं मला.

मी नको म्हटलं. घास सांडतो, ब्लाउजची बटणं आरोनना लावावी लागतात. पण नको.

अबीगेल


पनवेल
१६ एप्रिल २०२३

प्रिय मिल्का,

काल ओव्याला जाऊन आलो.

जायचं डॉक्टर समीक्षांनी सांगितलं नव्हतं. उलट म्हणाल्या, त्या मुलीला नको असेल तर जाऊ नका, आधी विचारा. आरोननी तिच्या सासूला फोन केला. हौसाबाई म्हणाल्या, "येऊ दे. आमी काय दार लावनार नाय."

रंजितानं घरोघरी जाऊन व्यायाम देणं त्या दिवसापासून बंद केलं होतं, म्हणजे भावेशनं बंद करवलं होतं. पेशंट सोडून घरी बसली होती. हे मला किशोरीकडून कळलं. तेव्हापासून मला घास गोड लागत नव्हता.

ज्या ओट्यावर मी उभी राहून बोलले होते तिथेच त्यांनी खुर्ची ठेवली. मी म्हटलं, "शेजारच्यांनाही बोलवा. तेव्हा होत्या त्या सगळ्यांना." दोघी-तिघी आल्या. जिभेवर हल्ली माझा ताबा नसतो, शब्द चिकट होतात. मी म्हटलं, "मी मागच्या वर्षी इथे येऊन जे बोलले ते सगळं खोटं होतं. मला पार्किन्सन आहे. त्याच्या एका औषधानं मला भ्रम झाला होता. डॉक्टरांचा कागद आणलाय. या मुलीनं काही केलेलं नाही. माझ्या नवऱ्यानं काही केलेलं नाही. मी हिला मारलं, तेही सांगते. तिला लागलं असेल असं नाही, मी मारलं."

हौसाबाई म्हणाल्या, "आमची पोर कशी हाय ते आमाला म्हाईत नाय का? आमी तवाच बोललो ह्याला. पन ह्याच्या डोक्यात शिरला ना." आणि मुलाकडे बघितलं.

भावेश खांबाला टेकून उभा होता. मला म्हणाला, "काकू, एक विचारू? आजार होता तर मग तेव्हा इतक्या खात्रीनं कशा बोलत होतात? एक शब्द इकडचा तिकडे नाही. मला वाटलं, एवढी म्हातारी शिक्षिका, उगाच कशाला बोलेल?"

"तोच आजार होता, बाळा," मी म्हटलं. "खात्री."

तो रंजिताकडे न बघता म्हणाला, "उद्यापासून गाडी घेऊन जा. रिक्षाला कशाला पैसे घालवतेस." ती म्हणाली, "कालच दोन पेशंटना हो सांगितलंय मी. तुम्हाला विचारायला थांबले नव्हते." हौसाबाई हसल्या. भावेश खाली बघत होता.

माझ्याकडे मात्र ती येणार नाही. मी विचारलं नव्हतं, तीच म्हणाली. "मॅडम, मला समजतं, मी शिकलेय हे सगळं. पण तुमच्या घराची बेल वाजवायला माझा हात होणार नाही. माझी मैत्रीण आहे अंकिता, ती येईल." मी बरं म्हटलं. एवढ्यात तिनं माझ्या थरथरत्या हाताकडे बघितलं, आणि दया आली तिला, स्पष्ट दिसलं. तिचे ते दोन्ही हात पदराशी शांत पडलेले. मला तेवढ्यातही त्यांचा हेवा वाटला.

हौसाबाईंनी मला धरून रिक्षात बसवलं. आरोन मागे राहिले होते. बघते तर फाटकाशी रंजिता त्यांच्याशी काहीतरी बोलत होती. ते मान खाली घालून ऐकत होते. मग तिनं अजून काहीतरी म्हटलं, आणि आरोन हसले. मिल्का, ते हसले. किती महिन्यांनी. मी घरात त्यांना हसवायला काय काय करून पाहिलं होतं, सणाला करतो तो त्यांचा आवडता गव्हाच्या चिकाचा हलवासुद्धा या हातांनी थापला, आणि ही दोन वाक्यांत हसवते.

मनात तेच उठलं. अगदी तेच. मी घाबरले. डॉक्टरांनी शिकवलंय तसं स्वतःला विचारलं, शंभरात किती? शोधून पाहिलं. खात्री कुठे नव्हती. नुसती जळजळ होती, साधी, कोणाही बायकोला व्हावी तशी.

ते काय बोलतायत ते ऐकू येत नव्हतं. उन्हात रिक्षावाला कंटाळला होता. म्हणाला, "मावशी, हॉर्न देऊ का? साहेबांचं आटपत नाय."

"नको," म्हटलं. "बोलू दे त्यांना."

तुझी
अबीगेल